उलटा काटा

कोटाच्या खिशात किल्ली शोधताना परवा दुपारी बोटाला काहीतरी टोचले, पण रुतले मात्र नाही. हात बाहेर काढताच ती वस्तू आपसूक सुटून फरशीवर पडली. जूनमध्ये कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात वोलास्टन तलावावर वापरलेली ती गरी, म्हणजे मासे धरायचा गळ, होती. तिचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट केलेला होता, म्हणून बोट वाचले. तिथे आम्हाला गरवायचे होते ते बिनकाट्याच्या गरीनेच. गरीला काटा नको म्हणणे हे मला अजूनही विळीला पाते नको म्हणण्यासारखे वाटते.

ऑफिसातल्या तिघांनी मला त्या सहलीत ओढले, ते केवळ मी समुद्रकाठचा आहे या भरवशावर. सस्काटूनपासून सुमारे 700 किलोमीटर उत्तरेला, शेवटचा टप्पा पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने. सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळे आणि तोवर डास आमची आस्थेने चौकशी करून जात. लॉजकडून प्रत्येक बोटीला एक गाईड मिळतो. आमचा गाईड तलावाकाठच्याच डेने या आदिवासी लोकांच्या वस्तीतला, पंचविशीतला तरुण होता. 'वाटाड्या' हा आपला जुना शब्द त्याला अधिक शोभला असता, कारण एकसारख्या दिसणाऱ्या बेटांच्या गर्दीतून तो नकाशाकडे न पाहता बोट काढीत असे. 1796 मध्ये डेव्हिड थॉम्प्सन याच पाण्यावरून गेला, तेव्हा त्या नकाशे काढणाऱ्या माणसाबरोबरही दोन तरुण डेने वाटाडे होतेच.

काटा दाबण्यासाठी आमच्या गाईडने पक्कड काढली आणि मला धाकट्या काकांची पक्कड आठवली. 1985 सालचा मे महिना, मी नऊ वर्षांचा. भरतीचे पाणी चढू लागले की काका कर्लीच्या खाडीवर गरवायला जात. काठीबिठी काही नसे. लाकडाच्या तुकड्याला गुंडाळलेला तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, त्याला शिसे आणि आमिषाला सोललेली कोळंबी, एवढाच संसार. बोलायला बंदी असे. मी जरा चुळबुळ केली की मान न वळवता ते म्हणत, "गप रव." त्या दिवशी तंगुसाचा गुंता सोडवायला गेलो आणि गरी माझ्या अंगठ्यात शिरली. ओढली तर येईना, कारण न येण्यासाठीच तर उलटा काटा असतो. काकांनी ती मागे ओढली नाही, उलट पुढे ढकलली, कातडीतून टोक बाहेर आणले, काटा पकडीने तोडला आणि उरलेली तार आल्या वाटेने काढून घेतली. मग माझा अंगठा खाडीच्या खाऱ्या पाण्यात बुडवून धरला. पोरगा रडला नाही, असे ते पुढे वर्षानुवर्षे सर्वांना सांगत आले. ते साफ खोटे होते.

बिनकाट्याच्या गरीची अडचण अशी की दोरी क्षणभर सैल पडली तरी मासा सुटतो. काका मासा लागल्यावर तंगूस सैल सोडीत, त्याला हवे तेवढे पळू देत आणि स्वतः विडी शिलगावीत. तो जाणार कुठे? इथे दोरी सतत ताणलेली हवी. माझे पहिले दोन मासे असेच गेले. गाईडने त्यावर चकार शब्द काढला नाही, फक्त जरा वेळाने विषय बदलावा तसे सांगितले की या तलावाचे पाणी दोन समुद्रांना जाते, एका नदीने आर्क्टिककडे आणि दुसरीने रेनडिअर तलावातून व चर्चिल नदीतून हडसनच्या उपसागराकडे. आमच्या खाडीचे पाणीही दोन्हीकडे वाहते, पण ते पाळी लावून.

दुपारी काठच्या खडकावर चूल मांडली जाई. पाईक माशाच्या अंगात बेचकीच्या आकाराचे काटे असतात. गाईडने सुरीच्या चार फटक्यांत ते काढून टाकले, तुकड्या पिठात घोळवल्या आणि बिडाच्या काळ्या तव्यात चरबीत तळल्या. मासा उत्तम होता, तरी मी जिभेने काटे चाचपीत राहिलो. गरीला काटा नाही, माशालाही काटा नाही. तक्रार करणार कोणाकडे?

मोठे मासे मात्र परत सोडायचे, असा लॉजचा नियम. तुझ्या घरी हे पटते का, असे मी गाईडला विचारले. आजीला मुळीच पटत नाही, तो म्हणाला. खायचा असेल तर धरावा, माशाशी खेळू नये, असे त्यांच्याकडची जुनी माणसे मानतात; ती स्वतः जाळे लावते आणि नातू उन्हाळ्यात पगार घेऊन परक्यांना मासे खेळवायला नेतो. परतल्यावर मी फोनवर आईला सगळे सांगितले. एवढे मोठे मासे धरून पाण्यात सोडून दिले हे ऐकून ती जराशी थांबली आणि म्हणाली, "मगे गेल्लस कित्याक?" या दोन बायकांची एकदा गाठ घालून द्यावी असे फार वाटले.

तिसऱ्या दिवशी एक लेक ट्राउट लागला आणि टिकला. दहा किलोंच्या आसपास असावा. रबरी जाळीत येताच गरी नुसत्या बोटाने निघाली. गाईडने मला तो पाण्यातच धरायला लावला, एक हात पोटाखाली आणि एक शेपटीच्या देठाशी. पाणी इतके गार होते की आपली बोटे कुठे संपतात आणि मासा कुठे सुरू होतो हे कळेनासे झाले. राखाडी अंगावर फिकट ठिपके, कल्ले संथपणे उघडत आणि मिटत होते. अशा थंड पाण्यात हे मासे फार सावकाश वाढतात, पन्नाशीचेही सापडतात. हा चाळिशीचा तरी असेल, असे गाईड म्हणाला. मी मनात वजाबाकी केली. काका माझा अंगठा खाडीत बुडवून बसले होते तेव्हा हा बोटाएवढा असेल आणि इथेच कुठेतरी असेल. काका गेले आणि मी वेळेत पोहोचू शकलो नाही, त्या वर्षीही तो इथेच होता. एवढ्यात शेपटीत जोर आला आणि तो हातातून निघून गेला, कसलीही घाई न करता. गाईडने हात पुसायला फडके दिले आणि इंजिन सुरू केले.