फ्यूजन म्हणजे नुसते एकत्र येणे नव्हे

छत्रपती संभाजीनगरात लग्नाच्या पंगतीपासून तयार कपड्यांच्या दुकानापर्यंत दोन वेगळ्या गोष्टी शेजारी आल्या की ‘फ्यूजन’ म्हणण्याची पद्धत हल्ली रूढ झाली आहे. मला ती थोडी उथळ वाटते, कारण ज्या क्षेत्रांत हा शब्द मुरलेला आहे तिथे त्याची काही किंमत मोजावी लागते.

त्याचा जुना अर्थ वितळणे. शून्य अंशाच्या एका ग्रॅम बर्फाचे पाणी व्हायला सुमारे 80 कॅलरी उष्णता लागते आणि तापमान मात्र तसूभरही वाढत नाही. ओव्हरलोड झालेल्या डीपीवर फ्यूज उडतो तो याच अर्थाने, हे उन्हाळ्यात मराठवाड्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

अणुविज्ञानातले फ्यूजन म्हणजे केंद्रकांचे एकत्र येणे: सूर्याच्या गाभ्यात, सुमारे दीड कोटी अंश तापमानात, हायड्रोजनच्या चार केंद्रकांपासून टप्प्याटप्प्याने हेलियमचे एक केंद्रक बनते. त्याचे वजन मूळ चौघांच्या बेरजेपेक्षा सुमारे 0.7 टक्के कमी भरते आणि ती तूट ऊर्जा होऊन बाहेर पडते. अशा रीतीने सूर्य दर सेकंदाला 40 लाख टनांहून अधिक वस्तुमान गमावतो. अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत 5 डिसेंबर 2022 रोजी असेच फ्यूजन घडवून 2.05 मेगाज्यूल लेसर ऊर्जेच्या बदल्यात 3.15 मेगाज्यूल मिळाले खरे, पण ते लेसर चालवायला सुमारे 300 मेगाज्यूल वीज खर्ची पडली होती.

मणक्यांच्या ‘फ्यूजन’ शस्त्रक्रियेतही हाच हिशेब आहे: दोन मणके हाडाच्या कलमाने जोडून एकसंध होतात, वेदना कमी होण्याची आशा असते, पण त्या सांध्याची हालचाल कायमची जाते.

याउलट जालन्याकडची मोसंबी पाहावी. रंगपूर लिंबाच्या खुंटावर इंग्रजी ‘टी’सारखा छेद घेऊन साल अलगद उचलतात, तिच्याखाली मोसंबीचा डोळा, म्हणजे फांदीवरचा अंकुर, सरकवतात आणि वरून पट्टी गुंडाळतात. जोड इतका पक्का होतो की झाड वर्षानुवर्षे फळते. तरीही जोडाच्या खालून फुटवा आला तर तो लिंबाचाच असतो आणि बागायतदाराला तो वेळीच काढावा लागतो. हे उत्तम कलम आहे, फ्यूजन नव्हे.

संगीतात तो शब्द शोभतो, पण क्वचित. झाकीर हुसेन यांच्यासह 1970च्या दशकात ‘शक्ती’ हा बँड उभा करणाऱ्या गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन यांनी आपली गिटारच बदलून घेतली होती: तारा ओढून मींड घेता यावी म्हणून पडद्यांमधले लाकूड कोरून खोलगट केलेले, शिवाय सतारीतल्या तरफेसारख्या, आपोआप गुंजणाऱ्या जादा तारा बसवलेल्या. आमच्याकडच्या वरातींत संबळामागे कीबोर्डचा एकच ठेका लावून जे ‘फ्यूजन’ वाजते, त्यात संबळवाल्याने किंवा कीबोर्डवाल्याने आपले काय बदलले, हे मला अजून ऐकू आलेले नाही.