लोणंदचा तळ

करोनाच्या दोन वर्षांत माउलींच्या पादुका एसटीने पंढरीला गेल्या. पायी वारी पुन्हा सुरू झाली ती २०२२ साली. २१ जूनला आळंदीहून प्रस्थान होतं, आणि आदल्याच रात्री विधान परिषदेचा निकाल लागल्यावर सत्ताधारी पक्षाचे आमदार बंड करून सुरतेला गेल्याची बातमी फुटली होती. महाराष्ट्र टीव्हीसमोर बसला होता. मी मात्र पुण्यातून दिंडीबरोबर निघालो, कारण मला तो टीव्ही बघवत नव्हता.

मी पक्षाचं काम तरुणपणापासून केलं. भिंती रंगवल्या, मतदार चिठ्ठ्या वाटल्या, बूथवर दिवसभर बसलो. आमच्या भागातल्या नेत्याने त्याआधीच दोन वेळा पक्ष बदलला होता. त्याने शब्द मोडला म्हणजे खरं तर माझा शब्द मोडला, कारण लोकांच्या दारात उभा राहून तो मी दिला होता. त्या घरांसमोरून जाताना मान खाली जाते. हे दुःख पदाधिकाऱ्यांना कळत नाही, पण गावोगावचा साधा कार्यकर्ता ते पोटात घेऊन फिरतो.

दिवे घाट, सासवडला सोपानकाकांची समाधी, जेजुरीत पालखीवर उधळलेला भंडारा, वाल्हे. पाय सुजले, मग सुजायचे थांबले. आमची दिंडी रथामागची. रथापुढे सत्तावीस, बाकी सगळ्या मागे. भिशी, म्हणजे दिंडीच्या खर्चातला आपला वाटा, भरली की ट्रकमध्ये सामान टाकायचं आणि राहुटीत जागा मिळते. पहाटे अंधारात उठायचं, टँकरजवळ अंघोळ करायची आणि चालू लागायचं. प्रत्येक जण प्रत्येकाला ‘माउली’ म्हणतो. पहिले दोन दिवस मला कुणी तसं म्हटलं की मी दचकायचो. आम्हा राजकारणातल्या लोकांना कुणी गोड बोललं की त्याचं काय काम असेल, हा विचार आधी येतो.

नीरेत पादुकांना स्नान झालं, पालखी सातारा जिल्ह्यात आली आणि २८ जूनला लोणंदच्या तळावर पोहोचली. तिथली समाजआरती मला सविस्तर सांगायची आहे.

तळाच्या मधोमध पालखी ठेवतात. भोवती दिंड्या गोलाकार उभ्या राहतात. टाळ-पखवाजाचा असा गजर चाललेला असतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मग सोहळ्याची शिस्त राखणारे चोपदार हातातला चोप, म्हणजे दंड, उंच धरतात आणि एका क्षणात लाखांचा समुदाय गप्प होतो. पोलीस नाहीत, भोंग्यावरून दरडावणं नाही. त्या शांततेतही एखाद्या दिंडीचे टाळ वाजत राहतात. याचा अर्थ त्या दिंडीची तक्रार आहे. चोपदार त्या दिंडीपाशी जातात, काय झालं ते ऐकून घेतात, निवाडा करतात किंवा करायचं कबूल करतात. समाधान झालं की टाळ थांबतात. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंचा पुकारा होतो, दुसऱ्या दिवशी निघायची वेळ सांगतात आणि आरती सुरू होते. कुणाची तक्रार बाकी असताना आरती सुरू होत नाही.

त्या संध्याकाळी आमच्या पुढच्या एका दिंडीचे टाळ वाजत राहिले. चालताना मागच्यांनी क्रम मोडला, एवढंच गाऱ्हाणं. ते पुरतं ऐकून घेतलं गेलं. मी तिथेच रडलो. आमच्या गावच्या पाणंद रस्त्याचा अर्ज घेऊन मी वर्षानुवर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवले आहेत. पावसाळ्यात त्या रस्त्यावरून बाळंतीण खाटेवर न्यावी लागते. इतक्या साहेबांना सांगितलं, पण एकानेही हातातला मोबाइल बाजूला ठेवून ऐकलं नाही. इथे देवाची आरती एका दिंडीच्या गाऱ्हाण्यासाठी थांबते. ही व्यवस्था भक्तीतून आली आहे, आणि मला वाटतं दुसऱ्या कशातून ती इतकी टिकलीही नसती.

पालखीचं आजचं रूप हैबतबाबा आरफळकरांनी १८३२ च्या सुमारास उभं केलं. ते मूळचे साताऱ्याजवळच्या आरफळचे, ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी सरदार. दरबार सोडून आळंदीला आले आणि ज्ञानोबांच्या सेवेत राहिले. दिंड्यांची शिस्त, तळाची मांडणी, हे सगळं फौजेत वावरलेल्या माणसाचं आहे. सत्तेजवळ राहून शिकलेलं सगळं त्यांनी माउलींच्या पायाशी आणून ठेवलं. आळंदीच्या मंदिराची पहिली पायरी त्यांच्या नावाची आहे. ती ओलांडताना आता मी थांबतो.

दुसऱ्या दिवशीही मुक्काम लोणंदलाच होता. रात्री मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. राहुटीत मोबाइल उजळले, दोन तरुणांची जुंपली, आवाज चढले. आमच्या दिंडीचे विणेकरी, म्हणजे वीणा धरणारे बाबा, सत्तरी ओलांडलेले, मराठवाड्यातले कोरडवाहू शेतकरी. ते उठून बसले आणि म्हणाले, “माउली, उद्या तरडगाव गाठायचंय. माझ्याबरोबर पाच मिनिटं नाम घ्या, मग भांडा.” दोघांनीही टाळ घेतले. पाच मिनिटांचा अर्धा तास झाला. भांडण राहून गेलं.

विश्वासाबद्दल मी त्याच बाबांना विचारलं. इतकं फसवलं गेल्यावर माणसाने कुणावर भरवसा ठेवायचा? ते म्हणाले, “पांडुरंगाने मला कधी काही कबूल केलं नाही. म्हणून त्याचं-माझं कधी बिघडलं नाही.” मी प्रचाराच्या सभा ऐकत वाढलो. त्या सगळ्या भाषणांतून जे मिळालं नाही ते मला या दोन वाक्यांत मिळालं.

३० तारखेला चांदोबाचा लिंब इथे पहिलं उभं रिंगण झालं. माउलींच्या अश्वावर स्वार नसतो, पाठ मोकळी असते. तो दिंड्यांमधून दौडत गेला आणि माणसं त्याच्या टापांखालची माती कपाळी लावायला वाकली. मीही लावली. त्या मोकळ्या पाठीवर माउली बसलेले आहेत, असं मी मानतो. त्याच संध्याकाळी मुंबईत नव्या मुख्यमंत्र्यांचा शपथविधी झाला. तो कळला तेव्हा आम्ही भाकरी खात होतो. बातमी ऐकली आणि मी कोरड्यास पुन्हा वाढून घेतलं.

याला पळवाट म्हणणारे मित्र आहेत. त्यांच्यावर माझा राग नाही. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्या मनातलं विष उतरलं होतं, आणि माणसांबद्दल पुन्हा बरं वाटू लागलं होतं. चिडलेला, किळस आलेला माणूस गावाच्या काय कामाचा?

१० जुलैच्या एकादशीला पंढरीत पाय ठेवायला जागा नव्हती. पहाटे नव्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते शासकीय महापूजा झाली. मी दर्शनाच्या बारीत उभा राहिलो नाही. चंद्रभागेत स्नान केलं, नामदेव पायरीला डोकं टेकवलं आणि कळसाला हात जोडले. विठ्ठलाकडे मागणं एकच होतं: ज्यांच्या दारात मी शब्द दिला, त्यांच्यासमोर उभं राहण्याचं बळ दे.

घरी आल्यावर पक्षाचं पद सोडलं. मतदान सोडलेलं नाही, सोडणारही नाही. पाणंद रस्त्याचा अर्ज ग्रामसभेत नव्याने मांडला. यावेळी त्यावर सही करायला मी दुसऱ्या गटाच्या घरीही गेलो. त्यातल्या दोघांनी दारातच विचारलं, पुढच्या वर्षी दिंडीत जागा मिळेल का?