फळी रिकामी दिसली की

बेड बाथ अँड बियाँड या अमेरिकेतल्या चादरी-टॉवेलांच्या दुकानसाखळीचं नाव मी पहिल्यांदा वाचलं ते एका निळ्या कूपनवर. न्यू जर्सीतल्या मावसबहिणीने पाठवलेल्या टॉवेलांत ते आलं होतं, २० टक्के सूट. धुळ्यात आग्रा रोडवर आमचं पडदे-चादरींचं दुकान, म्हणून आबांनी ते कूपन गल्ल्यात जपून ठेवलं.

१९७१ मध्ये वॉरन आयझेनबर्ग आणि लेनर्ड फाइनस्टाइन यांनी न्यू जर्सीतल्या स्प्रिंगफिल्डला पहिलं दुकान टाकलं. पुढे सगळी मिळून दीड हजारांवर दुकानं झाली. छतापर्यंत माल रचलेला, आणि काय मागवायचं हे बरंचसं त्या-त्या दुकानाचा मॅनेजर ठरवायचा. मला हे फार पटतं. साक्रीकडचं गिऱ्हाईक गडद, फुलाफुलांचा पडदा मागतं. देवपुरातल्या फ्लॅटमध्ये फिका, साधा जातो. हे मुंबईत बसून कुणाला कसं कळणार?

२०१९च्या अखेरीस मार्क ट्रिटन प्रमुख म्हणून आले. ओळखीच्या कंपन्यांचा माल कमी झाला, स्वतःच्या छापाचा वाढला. लोक मात्र ओळखीचंच नाव शोधत यायचे. त्यात कंपनीने २००४ पासून ११ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम स्वतःचेच शेअर परत घेण्यात घातली होती. हे वाचून मला खरंच राग आला. तो पैसा मालात हवा होता! विक्री घसरली तशी पत गेली, पुरवठादार आधी रोख मागू लागले आणि फळ्या ओस पडल्या.

आबा म्हणतात, "फळी रिकामी दिसनी का गिऱ्हाईक परत येत नही."

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये आमची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आणि सगळी लग्नसराई कोरडी गेली. तरी आबांनी आईच्या पाटल्या गहाण ठेवून जळगावच्या चटईवाल्याचे आणि सुरतच्या व्यापाऱ्याचे निम्मे पैसे आधी चुकते केले. मी भांडले होते त्यांच्याशी. दिवाळीआधी चटयांचे गठ्ठे फोन न करताच दारात उतरले.

२३ एप्रिल २०२३ ला तिकडे दिवाळखोरीचा अर्ज गेला, तीन दिवसांनी कूपन घेणं बंद झालं. जुलैत बहीण शेवटच्या सेलला जाऊन आली. माल संपला होता, म्हणाली. लोखंडी फळ्यांवरच किमतीच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या.