२८ मिलिमीटरचा शिपाई

मे महिना, रविवार

नागपूरच्या सीताबर्डीच्या १८१७ च्या लढाईतला, आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेतला अरब शिपाई, म्हणजे त्याची छोटी आकृती, रंगवायला घेतलाय. पांढरे कपडे, लाल कमरबंद, हातात तोड्याची बंदूक. उंची जेमतेम २८ मिलिमीटर. एवढ्याशा अंगावर दिव्याची सावली पडते खरी, पण हातभर अंतरावरून ती दिसतच नाही, सगळं सपाट वाटतं. म्हणून उजेड आणि सावली दोन्ही रंगानेच आणायची, आणि तीही जरा भडकच. डोळ्याजवळ धरल्यावर विचित्र दिसलं तरी चालतं. ठेवायचं आहे शेल्फवर.

प्रायमर, म्हणजे रंग नीट धरावा म्हणून आधी मारायचा थर, सकाळी सातच्या आत उरकावा. भर दुपारी नागपूरच्या उन्हात स्प्रेचे थेंब हवेतच सुकतात आणि आकृतीवर खरखरीत पूड बसते. मग वर कितीही नाजूक काम करा, पोत रेगमालाचाच. अंतर २० ते २५ सेंटिमीटर, हात सतत फिरता. राखाडी प्रायमरच बरा. काळ्यावर पांढरे कपडे उठवताना जीव जातो.

ॲक्रिलिक या दिवसांत ब्रशवरच वाळतं. जुन्या टिफिनच्या झाकणात ओला स्पंज, त्यावर बेकिंगचा कागद, त्यावर रंग. मेणाचा कागद नको, त्यातून पाणी वर येत नाही. आणि कूलरचा झोत टेबलावर घ्यायचा नाही. रिटार्डर, म्हणजे रंग सावकाश वाळायला लावणारं द्रव्य, एखाद-दुसरा थेंब पुरे. जास्त झाला की रंग चिकट राहतो आणि पुढचा हात खालचा थर उचलून आणतो.

लोक बारीक कामासाठी ०००० नंबरचा ब्रश आणतात. उगाच. त्याच्या पोटात रंगच मावत नाही, टोक आकृतीपर्यंत पोचेस्तोवर सुकतं. टोक शाबूत असलेला १ नंबर घ्यावा.

सोमवार, रात्री

आज कपडे. पांढऱ्याने सुरुवात केली की वर चढायला जागाच उरत नाही. चार भाग पांढऱ्यात एक भाग यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि किंचित काळा, हा पाया. दुधाइतका पातळ करून दोन हात. एका जाड हातात चुण्या बुजतात. मग तपकिरी वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ रंग, पण फक्त घड्यांत. सगळ्या अंगावर फासला तर कपडे मळके दिसतात, शिवाय सपाट भागावर डबकं साचून कडेला गोल डाग उरतो. डबकं दिसताच कोरड्या ब्रशने टिपून घ्यावं. अर्धवट सुकल्यावर हात लावला तर साल निघते. त्यापुढे पाया थोडा थोडा उजळवत न्यायचा. निव्वळ पांढरा फक्त खांद्यावर आणि पागोट्याच्या वरच्या पिळावर.

कमरबंदाच्या लालात उजेडासाठी पांढरा घातला की गुलाबी होतो. तिथे नारिंगी. सावलीला काळ्याऐवजी गडद तपकिरी.

मंगळवार

तोंड. बाटलीतला तयार 'फ्लेश' गोऱ्या कातडीचा असतो, उन्हात रापलेल्या माणसाला तो शोभत नाही. बर्न्ट सिएनात (तांबूस तपकिरी) थोडा ऑकर, डोळ्यांच्या खाचांत आणि हनुवटीखाली जांभळट तपकिरी. नाकाचा शेंडा, गालाचं हाड, खालचा ओठ एवढंच उजळ. डोळ्याला आधी गडद पट्टी, त्यात मळकट पांढरी रेघ, मग दोन ठिपके, दोन्ही एकाच दिशेला. ठिपका वरच्या पापणीला टेकलेला हवा. मधोमध अधांतरी ठेवला की शिपाई दचकल्यासारखा दिसतो. डोळे आधी, कातडी नंतर, म्हणजे बाहेर गेलेली रेघ कातडीच्या रंगाने झाकता येते.

तपशील कुठे थांबवायचा, हे ठरवणं सगळ्यात अवघड. तोंड, हात आणि कमरेच्या जंबियाची (वाकड्या खंजिराची) मूठ, बस्स. पायजम्यावर नक्षी काढली तर नजर तिथेच अडकते.

मॅट वार्निश पावसाळ्याआधीच मारून घ्यावं. दमट हवेत त्यावर पांढुरकी साय धरते, आणि तिच्याखाली सगळ्यात आधी गडद रंग मरतात.