चिकलठाण्याची कॉफी, सिक्युरिटीच्या अलीकडे

जालन्याकडून येताना शेंद्रा एमआयडीसी मागे पडली की छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ आलाच. कॉफी कुठे प्यायची हे मी गाडीतच ठरवतो. टर्मिनलच्या दारात जवानाला तिकीट आणि ओळखपत्र दाखवून एकदा आत गेलं, की कपभर कॉफीसाठी पुन्हा बाहेर पडायला विमान कंपनीच्या माणसाला मध्ये घालावं लागतं.

वेळ असेल तर कॉफी जालना रोडवरच उरकावी. आपल्याकडची टपरी मुळात चहाची. कॉफी म्हणजे उकळत्या दुधात सोडलेली दोन रुपयांची पुडी. एका पुडीत नुसतं तपकिरी दूध मिळतं, म्हणून दोन सांगाव्यात. "साखर कमी" हेही पातेलं चुलीवर चढायच्या आत सांगायचं. दुधात आधीच साखर पडलेली असली तर मग इलाज नाही.

आतल्या मशीनची तऱ्हा वेगळी. तिच्यात दूध, साखर आणि कॉफीची एकत्र पूड असते, त्यामुळे "बिनसाखरेची द्या" म्हणून काही होत नाही. बराच वेळ कुणी वापरली नसेल तर नळीतलं पाणी निवलेलं असतं; पहिला कप कोमट येतो आणि तळाशी गुठळ्या राहतात. आधी थोडं गरम पाणी सोडायला सांगावं, मग कप लावावा. पाणी गरम असूनही कॉफी पांचट आली तर दोष बहुधा मशीनमधून पूड पडते त्या तोंडाचा: वाफेने तिथली पूड ओली होऊन चिकटते आणि पडते अर्धीच. दुसरा कप घेऊन उपयोग नाही, ते तोंड पुसायला हवं. माझ्या मते सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे खिशात स्वतःच्या दोन पुड्या ठेवायच्या आणि नुसतं गरम पाणी मागायचं. कागदी कप पातळ असतो, एकात एक असे दोन घ्यावेत. झाकण काढून ठेवलं तरी कॉफी पिण्याजोगी व्हायला सात-आठ मिनिटं जातात. आणि रेंज कधी दगा देईल सांगता येत नाही, तेव्हा सुट्ट्या नोटा जवळ असाव्यात.

घड्याळ मात्र उलटं मोजायचं. बहुतेक कंपन्यांचं सामानाचं काउंटर उड्डाणाच्या 60 मिनिटं आधी बंद होतं, बोर्डिंगचं गेट 25 मिनिटं आधी. म्हणजे आधी बॅग द्यायची, मग कॉफी. एरवी सिक्युरिटीची रांग लहान असते, पण दोन विमानं लागोपाठ असली की तीच रांग हॉलभर पसरते. अजिंठ्याहून थेट येणाऱ्यांनी तर शंभर किलोमीटरचा रस्ता आधी हिशोबात धरावा; उशीर झालाच तर कॉफी सोडावी.

भरलेला कप घेऊन तपासणीला जाऊ नये. उघडा कप एक्स-रेच्या पट्ट्यावर ठेवता येत नाही, तो तिथेच संपवा नाहीतर टाका म्हणतात. थर्मास रिकामा करून, झाकण उघडून ट्रेमध्ये ठेवावा. लॅपटॉप आणि पॉवर बँकही बॅगेतून बाहेर. पॉवर बँक सामानात दिलेली असेल तर तुम्हाला परत काउंटरवर बोलावतात, आणि कॉफीसाठी राखलेली वेळ तिथेच जाते.

पलीकडे स्टॉल दिसला तरी पहाटेच्या विमानाला तो उघडा असेलच, हे धरून चालू नये. नांदेडला विमानं मोजकीच, तिथे कॉफी गावातच पिऊन निघावं.