टर्मिनल बांधून झालं, मग गॅस का नाही?

सांगली-इस्लामपूरकडची मंडळी हे हमखास विचारतात. कुंभार्ली घाट उतरून दाभोळला आहे तसं एलएनजी टर्मिनल (गार करून द्रव केलेला नैसर्गिक वायू जहाजातून उतरवून साठवण्याचं ठिकाण) उभं राहिलं, पहिलं जहाज धक्क्याला लागलं, तरी पाइपलाइनमध्ये गॅस सोडायला इतका वेळ का?

साखर कारखान्यात बॉयलर अग्निप्रदीपन झालं म्हणून लगेच गाळप सुरू होत नाही, बॉयलर हळूहळू तापवावा लागतो. इथे उलट सगळं हळूहळू गार करायचं असतं, उणे १६२ अंशांपर्यंत.

आधी ओल काढायची. ९ टक्के निकेलच्या पोलादाची आतली टाकी पाणी भरून तपासलेली असते. उरलेल्या पाण्याचा बर्फ होऊन व्हॉल्व्ह अडकतात, पंपांचे स्ट्रेनर, म्हणजे गाळण्या, तुंबतात. कोरडी हवा, मग नायट्रोजन फिरवून पाइपांमधला दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली ओल साचू लागते तो) साधारण उणे ४० अंशांवर आणतात. मुख्य लाइनचं रीडिंग छान दिसतं, ओल लपते ती ड्रेनच्या बंद टोकांत आणि इन्स्ट्रुमेंटच्या बारीक नळ्यांत. तिथे प्रत्येक ठिकाणी मोजायलाच हवं. नंतर नायट्रोजन हटवून त्या जागी गॅस भरतात.

खरी कसोटी गार करताना. अनलोडिंग लाइनमध्ये, म्हणजे जहाजापासून टाकीपर्यंतच्या पाइपमध्ये, आधी थंड वाफ सोडतात, द्रव नंतर. घाईने द्रव सोडला तर तो जाड पाइपच्या तळातून वाहतो; तळ आकसतो, माथा गरमच राहतो आणि पाइप कमानीसारखा वर उचलला जातो, सपोर्ट सोडतो. म्हणून वर-खाली तापमान मोजतात आणि फरक मर्यादेबाहेर जाऊ लागला की थांबतात. स्टेनलेस स्टील मीटरमागे सुमारे ३ मिलिमीटर आकसतं, म्हणजे किलोमीटरला ३ मीटर! ते एक्स्पान्शन लूप, म्हणजे पाइपला मुद्दाम दिलेली वळणं, झेलतात, पण काढायचा राहिलेला एखादा तात्पुरता क्लॅम्प सगळं बिघडवतो. त्यामुळे पूर्ण लाइन पायी फिरून बघण्याला पर्याय नाही. फ्लँजचे, म्हणजे पाइपांच्या सांध्यांचे, बोल्टही थंडीत सैल पडतात, ते पुन्हा आवळावे लागतात.

टाकीत छतालगतच्या स्प्रे रिंगमधून थोडं थोडं एलएनजी फवारतात, ताशी ३ ते ५ अंशांच्या बेताने. नजर तापमानाइतकीच दाबावर हवी, कारण टाकी वातावरणापेक्षा जेमतेम जास्त दाबासाठी बांधलेली असते. फवारा वाढला की वाफ वाढते आणि ती फ्लेअरला, म्हणजे जादा वायू जाळणाऱ्या उंच नळीला, जाते. गावकऱ्यांना दिसणारी मोठी ज्वाळा हीच.

तळावर द्रव साचून राहू लागला की जहाजातून उतरवण्याचा वेग वाढवतात. पंपांपुरती पातळी झाली की ते चालू होतात, पुढे द्रवाचा पुन्हा वायू करणारे व्हेपोरायझर, आणि मग पाइपलाइन.