मुकुरूतला तिसरा रकाना

2018 चा मे महिना. नैरोबीत पावसाचे दिवस. मुकुरू वस्तीत आमची घरोघर पाहणी चालली होती. कारखान्यांच्या पट्ट्याला चिकटून पसरलेली ही सुमारे एक लाख कुटुंबांची वस्ती. आदल्या वर्षी नैरोबी काउंटीने तिला 'विशेष नियोजन क्षेत्र' जाहीर केलं होतं आणि आराखडा रहिवाशांना सोबत घेऊन करायचा होता. मी पुण्याची, पाणीपुरवठ्याची इंजिनिअर.

माझ्या फॉर्मवर प्रश्न होता, नळाचं पाणी मिळतं का? सकाळपासून चौदा घरांत मी 'होय'वर खूण केली. पंधराव्या घरच्या मामांनी (तिकडे आईला, आईच्या वयाच्या बाईला मामा म्हणतात) तो कागद पाहिला आणि चपला घातल्या. "पाइप बघायचाय ना? चल." सोबतच्या स्वयंसेविकेने त्यांच्या स्वाहिलीचं भाषांतर करून सांगितलं.

पत्र्यांच्या मधून जेमतेम एक माणूस जाईल एवढी बोळ. मधोमध उघडं गटार आणि त्यातच प्लास्टिकच्या दहा-बारा नळ्या, शेवयांसारख्या गुंतलेल्या. मामांनी काठीने एक उचलून धरली. जोडावर सायकलच्या ट्यूबची पट्टी, सुटत आलेली. पाणी रोज येत नाही. ते गेलं की नळीतला दाब उतरतो आणि सैल जोडातून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. हे तर मी कॉलेजात शिकले होते. चौदा दारांत मला ते आठवू नये, याचं फार वाईट वाटलं.

पिशवीत एच-टू-एसच्या पाच बाटल्या होत्या, आपल्याकडे खेड्यांत पाणी तपासायला वापरतात त्याच. पाणी दूषित असलं की दिवस-दोन दिवसांत काळं पडतं. बाटल्यांना ऊब लागते आणि नैरोबीच्या रात्री गार. मामांनी त्या आपल्या कांग्यात (तिकडच्या बाया अंगाभोवती गुंडाळतात त्या सुती कापडात) गुंडाळून कोळशाच्या शेगडीपासून हातभर अंतरावर ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी चार बाटल्या काळ्याकुट्ट. पाचवीत त्यांनी उकळलेलं पाणी भरलं होतं.

संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकासाच्या सहाव्या उद्दिष्टाखाली सुरक्षित पाणी कशाला म्हणायचं, हे स्वच्छ लिहिलेलं आहे. ते घराच्या आवारात हवं, लागेल तेव्हा हवं आणि दूषित नसावं. वस्तीपर्यंत पोचेतो आमच्या फॉर्मवर त्यातला नुसता नळ उरला होता. आणि हेच पाणी लोक वीस लिटरच्या डब्याला पाच शिलिंग मोजून घेत होते, घरात अधिकृत जोडणी असलेल्यांच्या कितीतरी पट दराने. मला अजूनही त्याची चीड येते.

आम्ही त्या चौदा घरांत परत गेलो. मामा काळी बाटली घेऊन पुढे, मी मागे. छापील जागा पुरेना म्हणून फॉर्मच्या कडेला हाताने रेघा मारून त्या तीन अटींचे तीन रकाने केले. तिसऱ्यात काय लिहायचं, ते दर दारात मामाच सांगत होत्या.